दोन ओळी स्वतःच्या

मैत्रिणींनो, आज एका कबुलीने सुरुवात करते.

गेल्या पावसाळ्यात माझ्या शाळेतल्या मैत्रिणीची आई गेली. सकाळी साडेसहाला ग्रुपवर बातमी आली तेव्हा मी ओट्याशी होते. एका शेगडीवर चहा, दुसरीवर पोळ्यांचा तवा आणि धाकट्याची रिक्षा यायला जेमतेम दहा मिनिटं. मनात चर्र झालं. लगेच दोन शब्द लिहायला हवेत असं वाटलं, पण काय लिहावं ते सुचेना. मग आठवलं, लेकीने फोनमध्ये ते एआय दाखवून ठेवलंय, सांगितलं की लिहून देतं. मी फोन तोंडाशी धरून म्हटलं, 'मैत्रिणीची आई वारली, मराठीत सांत्वनाचा संदेश लिहून दे.' चहाला उकळी यायच्या आत आठ ओळी हजर! 'आपल्या मातोश्रींच्या निधनाची वार्ता ऐकून अत्यंत दुःख झाले. त्यांच्या जाण्याने निर्माण झालेली पोकळी कधीही भरून निघणार नाही...' शुद्धलेखनाची एक चूक नाही. मी तो संदेश जसाच्या तसा पाठवला, खाली हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि तव्यावरची पोळी उलटली. जिला पहिलीपासून 'ए' म्हणून हाक मारते, तिला आपण 'आपल्या मातोश्री' लिहिलंय, हेसुद्धा माझ्या लक्षात आलं नाही.

तेरावा झाल्यावर तिला भेटायला गेले. बोलता बोलता तिने फोन माझ्या हातात दिला. म्हणाली, 'बघ ना, लोकांनी किती छान छान लिहिलंय.' मी वाचत गेले. पाच-सहा जणींच्या संदेशात तीच पोकळी होती, तीच न भरून निघणारी. त्यात माझीही एक. ती काही बोलली नाही. मग जरा वेळाने म्हणाली, 'तुला आठवतं का गं, आपण आठवीत सायकलवरून यायचो तेव्हा आई तुझ्यासाठी चुलीच्या कडेला भाकरी ठेवायची? वर तेल-चटणी घालून? आणि तू म्हणायचीस, मला तुमच्याकडेच ठेवून घ्या.'

मला सगळं आठवत होतं. ती भाकरी, तिच्यावरचा राखेचा ठिपका, 'आमची धाकटी आली' म्हणून मला मारलेली हाक. एवढं सगळं माझ्याजवळ होतं. आणि मी पाठवलं काय, तर पोकळी!

त्या दिवसापासून हा विषय डोक्यात घोळतोय. म्हणून म्हटलं, आज तुमच्याशीच बोलावं.

हे लिहून देणारं यंत्र आपल्याकडे फार जुनं नाही. चॅटजीपीटी नावाचा प्रकार ३० नोव्हेंबर २०२२ रोजी जगापुढे आला. गूगलचं जेमिनाय ॲप जून २०२४ मध्ये भारतात आलं ते मराठीसह नऊ भारतीय भाषा घेऊन. त्याच महिन्यात आपल्या व्हॉट्सॲपमध्येही मेटा कंपनीचं एआय दिसायला लागलं. आता वाढदिवस असो, निवृत्तीचा समारंभ असो, मुलाच्या शाळेत रजेची चिठ्ठी असो की हळदीकुंकवाचं आमंत्रण, आपण विचारतो आणि ते लिहून देतं. तालुक्याच्या गावातली, वाडीवस्तीवरचीसुद्धा बाई आज हे वापरतेय. याचं मला कौतुकच आहे. पण कशाला वापरायचं आणि कशाला नाही, हे कुणी आपल्याला सांगितलेलं नाही. ते आपलं आपल्यालाच ठरवावं लागणार आहे.

तुम्ही म्हणाल, उसने शब्द काय आज आलेत? खरंय. लग्नात उखाणा घ्यायची वेळ आली की आपण उखाण्यांच्या पुस्तकातलाच घ्यायचो. भेटकार्डावर छापलेली कविता आपली कुठे असायची? शाळेत निबंध गाईडमधून पाठ केलेले. त्याही आधी, कोकणातल्या आज्या मुंबईला गेलेल्या नवऱ्याला पत्र लिहायच्या ते गुरुजींकडून नाहीतर शेजारच्या शिकलेल्या पोराकडून. आलेलं पत्र पोस्टमनच वाचून दाखवायचा. मुंबईत मोठ्या पोस्ट ऑफिससमोर पत्रं लिहून देणारे लेखनिक वर्षानुवर्षं बसत आले. त्यांनी किती जणांच्या मनातलं कागदावर उतरवलं असेल!

पण बारकाईने बघा. आजी गुरुजींसमोर बसून बोलायची, 'लिहा, गाय व्याली. लिहा, थोरल्याला ताप येऊन गेला, आता बरा आहे. लिहा, गणपतीला या.' गुरुजी वर 'सप्रेम नमस्कार विनंती विशेष' घालायचे आणि खाली तारीख. मधली गाय आजीचीच असायची. भेटकार्डावरची कविता छापील आहे हे देणारीला आणि घेणारीला, दोघींनाही ठाऊक असायचं. म्हणून तर आपण त्याखाली पेनाने एक ओळ लिहायचो आणि कार्ड घेणारी आधी तीच ओळ वाचायची. आता उलटं झालंय. यंत्र वरचा मायनाही देतं, खालची तारीखही देतं आणि मधली गायही स्वतःच घालतं, ती आपल्या गोठ्यात असो वा नसो. आणि वाचणारीला वाटतं, हे हिनेच लिहिलंय. फसगत होते ती इथे.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई नव्याला नावंच ठेवते.

आमच्या गल्लीत कामाला येणाऱ्या एक मावशी आहेत. नवरा जाऊन बारा वर्षं झाली. शाळा सातवीपर्यंत. त्यांना निराधार योजनेचे पैसे यायचे, ते मध्येच थांबले. बँकेत गेल्या तर म्हणाले तहसीलला जा, तहसीलला गेल्या तर म्हणाले लेखी अर्ज द्या. कचेरीबाहेर अर्ज लिहून देणाऱ्याने शंभर रुपये सांगितले. मावशींनी नातवाला बसवलं. फोनसमोर आपल्या बोलीत सगळं सांगितलं, पैसे कधीपासून बंद, कुठल्या बँकेत खातं, किती खेपा घातल्या. यंत्राने त्याचा स्वच्छ अर्ज करून दिला. विषय, संदर्भ, 'महोदय', शेवटी 'आपली विश्वासू'. मावशींनी त्याची प्रत काढून खाली सही केली आणि कचेरीत देऊन शिक्क्यासह पोच घेतली. पोच हातात घेऊन माझ्याकडे आल्या तेव्हा चेहऱ्यावर काय आनंद होता! म्हणाल्या, 'ताई, साहेब मला पहिल्यांदा बसा म्हणाले.'

मैत्रिणींनो, ही लहान गोष्ट नाही. कचेरीची भाषा हे आपल्याकडे कुलूप होतं आणि किल्ली दुसऱ्यांकडे. ते कुलूप या यंत्राने उघडलं असेल तर ते जरूर वापरावं. अर्जात भावना नको असतात, माहिती हवी असते. तिथे छापील साचाच योग्य. गॅस एजन्सीला तक्रार, वीजबिलाची चूक, बचत गटाच्या बैठकीचा वृत्तांत, मुलीच्या वसतिगृहासाठी विनंती, अशा कामांना त्याने हात द्यावा आणि आपण घ्यावा.

पण मावशींच्या अर्जातही एक मेख निघालीच. 'संदर्भ' म्हणून यंत्राने एका शासन निर्णयाचा क्रमांक आणि तारीख टाकली होती. मावशींनी तो सांगितला नव्हता, नातवाने विचारलाही नव्हता. कचेरीतल्या बाईंनी विचारलं, 'हा निर्णय तुम्ही कुठून काढलात?' शोधलं तर तसा निर्णय सापडेना. बाई समजूतदार, त्यांनी ती ओळ खोडून अर्ज घेतला. दुसऱ्या कुणी 'खोटा संदर्भ' म्हणून परत पाठवला असता, तर मावशींची आणखी एक खेप आणि आणखी एका दिवसाची मजुरी गेली असती.

यंत्र असं का करतं? ते काही मुद्दाम खोटं बोलत नाही. त्याने अफाट मजकूर वाचलेला असतो आणि कुठल्या शब्दापुढे सहसा कुठला शब्द येतो एवढं ते पक्कं शिकलेलं असतं. सरकारी अर्जात 'संदर्भ' आला की पुढे क्रमांक येतो, एवढं त्याला माहीत. तो क्रमांक खरा आहे की नाही हे तपासायला ते दर वेळी कपाट उघडून बघत नाही. शिकलेले लोकही यात फसले आहेत. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात दोन वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले जुने निकाल दाखले म्हणून सादर केले. ते निकाल मुळात कधी झालेलेच नव्हते. न्यायाधीशांनी पाच हजार डॉलर दंड ठोठावला. तेव्हा खाली सही आपली असेल तर वरची ओळ न् ओळ आपण वाचलेली हवी, हा धडा घराघरात गिरवायला हवा.

दुसरं म्हणजे यंत्राला थोडक्यात बोलता येत नाही. एका ओळीचं काम असेल तर ते पानभर लिहितं. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ सालचा. त्यात अर्ज केल्यावर तीस दिवसांत उत्तर द्यायचं असतं. आपल्या महाराष्ट्रात २०१२ मध्ये नियम आला की असा अर्ज एकाच विषयावर आणि साधारण दीडशे शब्दांत असावा. यंत्राला हे सांगितलं नाही, तर ते चार विषय एकत्र करून दोन पानं भरून देईल आणि अर्ज बाजूला पडेल. म्हणून त्याला काम सांगताना भाजीवाल्याला सांगतो तसं नेमकं सांगावं, एवढंच हवं, याहून जास्त नको.

असो. अर्जाचं झालं, आता माणसांकडे येते.

अमेरिकेत फेब्रुवारी २०२३ मध्ये मिशिगनच्या एका विद्यापीठात गोळीबार झाला, तीन विद्यार्थी गेले. तेव्हा व्हँडरबिल्ट नावाच्या दुसऱ्या विद्यापीठाच्या एका विभागाने आपल्या मुलांना धीर देणारं पत्र पाठवलं. एकमेकांची काळजी घेऊ या, आपण सगळे एक आहोत, असं सगळं छान छान लिहिलेलं. आणि पत्राच्या तळाशी बारीक ओळ, हा मजकूर चॅटजीपीटीच्या मदतीने केला आहे! मुलं संतापली. एकमेकांची काळजी घ्या हे सांगायलाही यांना यंत्र लागलं? शेवटी विद्यापीठाला माफी मागावी लागली. बघा, त्या पत्राची भाषा छानच होती. तरी ते लागलं, कारण दुःखात माणसाला चांगलं वाक्य नको असतं, माणूस हवं असतं. कुणीतरी दहा मिनिटं थांबून आपला विचार केला, हे कळायला हवं असतं.

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकच्या वेळचीही एक गोष्ट आहे. गूगलने आपल्या जेमिनायची जाहिरात केली होती. त्यात एक बाप आपल्या लहान मुलीसाठी, सिडनी मॅक्लॉफ्लिन-लेव्हरोन या धावपटूला चाहतीचं पत्र यंत्राकडून लिहून घेतो. पुढे त्याच ऑलिम्पिकमध्ये सिडनीने चारशे मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत विश्वविक्रमासह सुवर्णपदक जिंकलं. जाहिरातीवर मात लोकांनी टीकेची झोड उठवली. पोरीने वेड्यावाकड्या अक्षरात चार ओळी लिहिल्या असत्या तर काय बिघडलं असतं, असं आईबापांचं म्हणणं होतं. कंपनीने ती जाहिरात मागे घेतली.

म्हणजे ज्यांच्या देशात हे यंत्र जन्मलं त्यांनाही हे खटकतंच. आपल्याला तर जास्त खटकायला हवं, कारण आपल्याकडे नाती निभावण्याचं काम बहुतेक बायकांच्याच वाट्याला आलंय. कुणाचा वाढदिवस, कुणाचं बारसं, कुणाकडे कार्य झालं आणि आपण गेलो नाही, हे सगळं आपणच लक्षात ठेवतो. घरातल्या पुरुषांच्या वतीने दिलगिरीसुद्धा आपणच व्यक्त करतो. या रोजच्या ओझ्यात यंत्राचा हात घ्यावासा वाटला तर त्यात अपराधी वाटून घेऊ नका. गावातल्या चाळीस जणांच्या ग्रुपवर संक्रांतीच्या शुभेच्छा यंत्राने लिहिल्या तर काही बिघडत नाही. तिळगूळ तसाही आपण दुकानातून आणतोच की हल्ली! प्रश्न येतो तो एका माणसाने एका माणसाला लिहिताना.

माझ्या ओळखीतल्या एका घरी मुलीचं स्थळ ठरत होतं. मुलगा दूर नोकरीला. दोघांचं फोनवर लिहिणं-बोलणं सुरू झालं. मुलाचे संदेश काय सुंदर! स्त्रीच्या स्वातंत्र्याविषयी, तिच्या करिअरविषयी, संसारातल्या भागीदारीविषयी. मुलगी खूश, आईही खूश. तो सुट्टीत आला, समोरासमोर बसले तेव्हा मुलीने विचारलं, 'लग्नानंतर मी नोकरी करायची ना?' तो म्हणाला, 'ते आई ठरवेल.' पुढे कळलं, उत्तरं यंत्राकडून घेतली जायची. मला त्या मुलाचा रागही पुरता येत नाही. कदाचित त्याला नीट बोलता येत नसेल, लाजत असेल. पण मुलीने ज्याच्याशी दोन महिने मन मोकळं केलं, तो माणूस अस्तित्वातच नव्हता ना! सुदैवाने साखरपुड्याच्या आधी कळलं. तेव्हा आयांनो, मुलीला एवढंच सांगा, पसंती कळवण्याआधी प्रत्यक्ष भेटून तासभर गप्पा मार. अडखळत बोलला तरी चालेल, पण स्वतःचं बोलू दे.

मुलांच्या बाबतीतही तेच. शेजारच्या शिक्षिका सांगत होत्या, 'माझी आई' या विषयावर मुलांना निबंध दिला तर वर्गातल्या निम्म्या आया सूर्योदयापूर्वी उठतात आणि सगळ्याच त्यागाची मूर्ती! एकाच मुलाने लिहिलं होतं, माझी आई शिवणाचं मशीन चालवताना गुणगुणते आणि लाइट गेली की मशीनला शिव्या देते. बाई म्हणाल्या, 'त्या एका निबंधाला मी मनापासून मार्क दिले.' पूर्वी गाईड होतं तेव्हाही हे व्हायचंच. पण गाईडमधला निबंध निदान हाताने उतरवून काढावा लागायचा. आता तेवढाही अक्षरांशी संबंध येत नाही. मुलाला लिहायला येत नसेल तर यंत्राला त्याच्या चुका दाखवायला सांगा, पण आधी चुका त्याच्या त्याला करू द्या.

आणखी एक खंत बोलून दाखवते. या सदराला तुमची पत्रं येतात. एकीने पूर्वी लिहिलं होतं, सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या दिवशी तिला पहिल्यांदा कळलं की त्या तिला घाबरतात. अशी ओळ वर्षानुवर्षं विसरत नाही. आता येणारी बरीच पत्रं कशी गुळगुळीत असतात. 'आजच्या वेगवान जगात नात्यांचे महत्त्व अनन्यसाधारण आहे' अशी सुरुवात. कोल्हापूरची असो, अमळनेरची असो की अकोल्याची, सगळ्या एकाच आवाजात बोलायला लागल्यात. इंग्रजीच्या मानाने मराठी मजकूर त्या यंत्राला कमी मिळालेला आहे. आपली अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी तर फारच कमी लिहिली गेली. मग ते एक सरासरी, निम्मी इंग्रजी वळणाची मराठी आपल्या तोंडी घालतं. 'आशा आहे की हा संदेश आपणास चांगल्या स्थितीत सापडेल' असं कुठल्या मावशीने कधी म्हटलंय का हो? मला तुमची चुकलेली वेलांटी चालते. तुमचा हरवलेला आवाज मात्र चालत नाही.

सावित्रीबाई फुल्यांनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रं आज आपल्याला वाचायला मिळतात, १८५६, १८६८ आणि १८७७ सालची. पहिलं पत्र माहेरी, नायगावला आजारी असताना लिहिलेलं. त्यात भावाशी झालेला वाद आहे. शेवटचं ओतूरहून, दुष्काळात लोकांचे काय हाल चाललेत ते सांगणारं. बाईने लिहावं की नाही याच्यावरच ज्या काळात भांडण होतं, त्या काळात ती बाई हे स्वतःच्या शब्दांत लिहीत होती. आपल्याला लिहिता यावं म्हणून कुणीतरी अंगावर शेण झेललं. ते लिहिणं आपण आपण होऊन, कंटाळा आला म्हणून सोडून द्यायचं का? हा प्रश्न मला स्वतःला विचारावासा वाटतो.

व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगून टाकते. पूर्वी फसवणुकीचे संदेश मोडक्यातोडक्या मराठीमुळे ओळखू यायचे. 'आपला खाता बंद होईल' असं लिहून आलं की आपण हसायचो. आता तेच भामटे यंत्राकडून शुद्ध मराठी लिहून घेऊ शकतात, अगदी बँकेच्या साहेबासारखं. तेव्हा भाषा चांगली आहे म्हणून विश्वास ठेवू नका. ओटीपी कुणालाही देऊ नका, आलेल्या लिंकला हात लावू नका. पैसे गेलेच तर लाजून गप्प न बसता लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. आणि उलट बाजूने, आपणही त्या यंत्राला घरातलं सगळं सांगत बसू नये. सुनेचे तपासणीचे रिपोर्ट, लेकीच्या सासरची भांडणं, आधार क्रमांक, खात्याचा नंबर हे त्यात घालण्याआधी विचार करावा. पाणवठ्यावर जे बोलणार नाही ते तिथेही बोलू नये, एवढं सोपं गणित ठेवा.

मग लिहायचं कसं, असं विचाराल. मी माझ्यापुरता एक नियम केलाय. कागद कचेरीत जाणार असेल तर यंत्राला सांगते, आलेलं दोनदा वाचते आणि मगच सही करते. संदेश एका माणसाच्या हातात जाणार असेल, आणि त्यातही कुणाचं दुःख असेल, माफी मागायची असेल किंवा कुणाचे पांग फेडायचे असतील, तर यंत्र बंद. तिथे दोनच ओळी लिहिते, पण माझ्या. सुचत नसेल तर 'काय लिहू सुचत नाही गं, संध्याकाळी फोन करते' असं लिहिते. यातलं एकही अक्षर सुंदर नाही, पण खोटंही नाही. वेळ नसला तर उशिरा लिहिते. तेराव्याला पोचलेल्या दोन खऱ्या ओळी पहिल्या दिवशीच्या आठ उसन्या ओळींपेक्षा बऱ्या, हे मी आता शिकले आहे.

त्या मैत्रिणीला मी नंतर परत लिहिलं. भाकरीचं, राखेच्या ठिपक्याचं, 'आमची धाकटी आली' या हाकेचं. आणि हेही लिहिलं, की आधीचा संदेश माझा नव्हता, मला माफ कर. दोन ठिकाणी शुद्धलेखन चुकलं, ते तसंच राहू दिलं. तिचं उत्तर काही आलं नाही. मला वाटलं, दुखावली की काय. पुढच्या गुरुवारी दुपारी तिचा फोन आला. माफीचा विषय तिने काढलाच नाही. पाऊण तास आम्ही फक्त तिच्या आईविषयी बोललो. मधे एकदा दोघी हसलोही.

तर मैत्रिणींनो, या आठवड्यात एवढंच करून बघा. ज्या एका माणसाला खूप दिवस लिहायचं राहून गेलंय, त्याला दोन ओळी लिहा. स्वतःच्या, जमतील तशा. बघा, पटतंय का.